'दुखणं' किती, आणि 'धरणं' किती?

आईला अकरा वर्षं आमवात आहे. परवा तपासणीत तिच्यापुढे दहा सेंटिमीटरची रेघ ठेवली. एका टोकाला 'अजिबात वेदना नाही', दुसऱ्या टोकाला 'असह्य वेदना'. "आजी, दुखणं किती आहे? खूण करा." तिनं खूण पार शेवटाला केली. बाहेर आल्यावर म्हणते, "आज दुखत नव्हतं गं फारसं. पण दुखणं मोठंच आहे ना!" तिनं 'दुखणं' म्हणजे आजारपण धरलं. मग इथे शब्द कोणता हवा? 'वेदना' तिच्या बोलण्यात नाही. आणि रोज सकाळी 'बोटं धरलीत' म्हणते, ते यात मोजायचं का?

प्रतिसाद १ : मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा घोळ नेहमी होतो, कारण 'दुखणं काढलं' म्हणतो तेव्हा आजारच काढलेला असतो. नाम सोडा, क्रियापद घ्या, काळही सांगा : "गेल्या आठवड्यात सांधे किती दुखले?" ताई, आणखी एक. आमवाताची तीव्रता काढताना २८ सांधे दाबून पाहतात, सूज पाहतात, रक्ततपासणी धरतात आणि रुग्णाची एक खूणही घेतात. ती खूण मात्र एकूण आजाराची असते. तिथे आईंचा अर्थच बरोबर! म्हणून दोन्ही प्रश्नांत एकच शब्द नको. 'धरणं' तर वेगळंच मोजायचं, आणि तेही मिनिटांत. त्याचा विरुद्धार्थी शब्द 'मोकळं होणं'. आमवातात सांधे मोकळे व्हायला बहुधा तासभर किंवा जास्त लागतो, गुडघ्याच्या झिजेत सहसा अर्ध्या तासाच्या आत होतात.

प्रतिसाद २ : किती दुखतं यासोबत कसं दुखतं हेही विचारावं. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या प्रश्नावलीत वेदनेचे ७८ शब्द २० गटांत आहेत. त्यांची भाषांतरं करत बसण्यापेक्षा आपले शब्द गोळा करावेत असं मला मनापासून वाटतं. ठणका खोलवरचा, रात्री झोपू न देणारा. सणक क्षणात येऊन जाते. ठसठस पिकत्या गळवाची. रग स्नायूंना लागते, सांध्याला नाही. हुळहुळतं तिथे नुसता स्पर्श सोसत नाही. वातरक्तात (गाउटमध्ये) पायाच्या अंगठ्याला चादरही लागू देत नाहीत, तसं. माझी आजी कामानं 'अंग आंबलं' म्हणायची, ते औषधाचं दुखणं नव्हेच.

धागाकर्ती : काल आईला विचारलं, "हात मोकळे कधी झाले?" लगेच म्हणाली, "दूधवाला येऊन गेल्यावर. तोवर पातेलं उचलवत नव्हतं." ती सहाला उठते, दूध साडेसातला येतं. पुढच्या तपासणीसाठी वहीत लिहिलंय : दीड तास.