नेव्हिल घराण्याचे मूळ नॉर्मन की उत्तर इंग्लंडमधले?

प्रश्न (वंशवेल):
डरहॅम परगण्यातील रेबीच्या नेव्हिल घराण्याचे मूळ मी शोधत आहे. 'किंगमेकर' म्हणून प्रसिद्ध असलेला आणि १४७१ मध्ये बार्नेटच्या लढाईत मारला गेलेला वॉरिकचा अर्ल रिचर्ड नेव्हिल याच घराण्यातला. काही वंशावळींत हे लोक १०६६ च्या स्वारीत नॉर्मंडीतून आल्याचे लिहिले आहे, तर काहींत ते त्याआधीपासून उत्तर इंग्लंडमध्ये असल्याचे म्हटले आहे. यांपैकी कोणते ग्राह्य धरावे? तसेच १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवून घेतलेल्या जमीन-पाहणीच्या नोंदवहीत, रेबीची नोंद कोठे पाहावी?

प्रतिसाद (जुनी पाने):
डूम्सडे बुकात रेबी सापडणार नाही, कारण त्या पाहणीत डरहॅम परगण्याचा समावेशच नव्हता. मूळ प्रश्नाचे उत्तर एका विवाहात आहे. रेबीचा जहागीरदार रॉबर्ट फिट्झ माल्ड्रेड, म्हणजे माल्ड्रेडचा मुलगा रॉबर्ट, याने नॉर्मन नेव्हिल कुळातील इझाबेलशी लग्न केले. तिचा भाऊ हेन्री १२२७ मध्ये निपुत्रिक वारला, त्यामुळे ब्रान्सपेथ आणि शेरिफ हटन या मोठ्या जहागिरी तिच्याकडे आल्या आणि त्यांच्या मुलाने, जेफ्रीने, आईच्या घराण्याचे नाव धारण केले. म्हणून नाव नॉर्मन असले तरी पित्याकडून चालत आलेला वंश उत्तरेतलाच आहे. त्या काळी आडनावे स्थिर झालेली नव्हती आणि नाव बहुधा वारशाच्या मागे जाई. तेव्हा केवळ नावाचा माग काढत गेल्यास आपण भलत्याच कुळात जाऊन पोहोचतो.

प्रतिसाद (दप्तरखाना):
त्याच्याही मागे गेल्यास ११३१ चे एक दानपत्र मिळते. डरहॅमच्या मठाने स्टेनड्रॉपचा प्रदेश, ज्यात रेबी येते, उख्ट्रेडचा मुलगा डॉल्फिन याला वार्षिक खंडावर दिला. रॉबर्टचा पिता माल्ड्रेड हा या डॉल्फिनचा मुलगा. येथे मात्र थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. उख्ट्रेडला स्कॉटलंडचा राजा डंकन याच्या माल्ड्रेड नावाच्या भावाशी जोडणाऱ्या वंशावळी बऱ्याच दिसतात. त्यांचा मुख्य आधार नावातील साम्य हा आहे, आणि तेवढ्यावर पितृत्व सिद्ध होत नाही. १५३० पासून हेराल्ड मंडळींनी, म्हणजे कुलचिन्हे व वंशावळी तपासणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्यांनी, परगणोपरगणी फिरून नोंदवलेल्या वंशावळीही त्या त्या घराण्याने सांगितलेल्या माहितीवर बऱ्याच अंशी अवलंबून होत्या. स्पेन्सर घराण्याने मध्ययुगीन डिस्पेन्सर घराण्यापासून सांगितलेली उत्पत्ती वंशेतिहासाचे अभ्यासक जे. होरेस राउंड यांनी १९०१ मध्ये कागदपत्रांच्या आधारे खोडून काढली, हे उदाहरण या संदर्भात अवश्य वाचावे.

वंशवेल:
आभारी आहे. एक शंका उरते. डॉल्फिनची जमीन पुढे नेव्हिलांकडे आली, एवढ्यावरून ते त्याचे वंशजच होते असे कसे म्हणता येईल? जमीन विकत घेऊनही मिळते.

प्रतिसाद (दप्तरखाना):
शंका रास्त आहे; एकट्या ताब्यावरून वंश ठरत नाही. येथे आधी पित्याच्या नावासह केलेले उल्लेख पिढीगणिक जुळतात, आणि त्यांना जमिनीच्या अटींची साथ मिळते. स्टेनड्रॉपच्या खंडात पैशांबरोबर दरवर्षी सप्टेंबरमध्ये डरहॅमच्या मठाला एक नर हरीण नेऊन देण्याची अट होती. तेराव्या शतकाच्या अखेरीस राल्फ नेव्हिलने हरीण देताना आपल्या लवाजम्यासह मठाने आपल्याला मेजवानी द्यावी, असा हक्क सांगितला, मठाधिपतीने तो नाकारला आणि त्यावरून मोठा तंटा झाला. राल्फ ज्या करारावर हक्क सांगत होता तो डॉल्फिनच्या जमिनीचा होता, आणि ती जमीन त्याच्याकडे नेव्हिल नावाबरोबर इझाबेलकडून आलेली नव्हती, तर तिच्या पतीच्या बाजूने आलेली होती. पुढच्या पिढ्यांसाठी मृत्यूनंतरच्या वारसा-चौकशीची कागदपत्रे पाहावीत; त्यांत वारसाचे नाव आणि वय दिलेले असते. डरहॅममध्ये बिशपचा स्वतंत्र कारभार असल्याने तेथील जमिनींच्या चौकशा राजाच्या दप्तरात न शोधता बिशपच्या दप्तरात शोधाव्या लागतील, तर शेरिफ हटन यॉर्कशरमध्ये असल्याने त्याचे कागद राजाच्या दप्तरात पाहावेत.