मदत हवी आहे: दमास्कसच्या टेबलाचे शिंपले निखळताहेत

दमास्कसच्या घाटाचं आठकोनी टेबल, उंची ५५ सेंमी. अक्रोडाचं लाकूड, त्यात शिंपल्याचे आणि हाडाचे तुकडे, शिंपल्याभोवती पांढऱ्या धातूची तार. एसीच्या खोलीत चार शिंपले निघाले, दोन ठिकाणी तार उचकटली. कमानीवर अरबी आकड्यांत १३२० आहे. फेव्हिकॉल चालेल का? आणि हे किती जुनं?

किसणी: फेव्हिकॉल नको. पुढच्या दुरुस्तीला तो सुटत नाही, खरवडताना शिंपला मोडतो. सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा जुन्या पद्धतीचा गोंद) वापरा: दाणे १ भाग, पाणी २ भाग, रात्रभर भिजवा. मग वाटी गरम पाण्यात ठेवून ६० अंशांपर्यंत तापवा. उकळला तर पकड जाते.

त्याआधी खाचेतला जुना सरस कोमट पाण्यात पिळलेल्या कापसाने मऊ करून लाकडी टोकाने काढा. तो राहिला तर तुकडा केसभर वर बसतो आणि फडक्यात अडकून पुन्हा निघतो. तुकडा आधी कोरडाच बसवून बघा. घट्ट होत असेल तर कानस लावू नका! एसीत लाकूड आखडतं, शिंपला आखडत नाही. म्हणून तर तो बाहेर ढकलला गेला. टेबल दोन-तीन आठवडे एसीबाहेर ठेवा, खाच पुरेशी उघडेल. चिकटवल्यावर वर बटर पेपर आणि वाळूची पुरचुंडी, २४ तास. चिकटपट्टी लावलीत तर शेजारचे तुकडेही उचलले जातील.

तार बहुधा कथिलाची. लाकडी काडीने हळूहळू आत दाबा. डाख देऊ नका (म्हणजे तापवून सोल्डर करू नका), कथिल २३२ अंशांनाच वितळतं.

आणि लिंबू, चिंच, व्हिनेगर दूर ठेवा. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लाने कायमचा मंद होतो.

जुनापुराणा: १३२० मधलं शेवटचं चिन्ह टिंब आहे की गोल?

प्रश्नकर्ता: गोल. आपल्या शून्यासारखं.

जुनापुराणा: मग ते १३२५. अरबीत शून्य म्हणजे टिंब, गोल म्हणजे पाच. हे हिजरी, म्हणजे इस्लामी सन. त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा: इसवी सन १९०७-०८. पण आकडा कोणीही कोरतो, म्हणून टेबल उलटं करा. आत प्लायवूड दिसलं तर तारीख विसरा. हाडाचे तुकडे १० पट भिंगाखाली बघा: बारीक काळे ठिपके किंवा रेघा दिसल्या तर हाड, काहीच नसेल तर प्लास्टिकचा संशय घ्या. तापलेली सुई टोचायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, खरं निघालं तरी भोक राहतंच.

किसणी: एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी दिसली तर तो हस्तिदंत असू शकतो. मग विकायचा विचार सोडा. भारतात हस्तिदंताच्या विक्रीला बंदी आहे.