मदत हवी आहे : मशीन धुतं, पण पाणी सोडत नाही, स्पिनही घेत नाही

नमस्कार. आमचं टॉप लोड, फुली ऑटोमॅटिक, साडेसहा किलोचं मशीन आहे, २०१७ साली घेतलेलं. पाणी घेतं, धुतंही व्यवस्थित. ड्रेनची वेळ आली की तळातून ‘टक्’ असा आवाज येतो, पाइपातून थोडं पाणी जातं, मग धार बारीक होत होत थांबते. कपडे पाण्यातच बुडालेले राहतात. काही वेळाने बीप-बीप आणि डिस्प्लेवर एरर. स्पिन सुरूच होत नाही.

जूनमध्ये आम्ही नाशिकहून पुण्यात धायरीला राहायला आलो. नाशिकला सात-आठ वर्षांत एकदाही तक्रार नव्हती. इथे आल्यावर सुरुवातीला पाणी हळू जायचं, पण जायचं. गेल्या आठवड्यापासून पूर्ण बंद.

सोसायटीतल्या एकांकडून नंबर घेऊन मेकॅनिकला बोलावलं. त्याने बटणं दाबून पाहिली, मागचं कव्हरही न उघडता ‘पीसीबी (मशीनचा कंट्रोल बोर्ड) गेलाय’ म्हणाला. ६८०० रुपये सांगितले आणि व्हिजिटचे ३५० घेऊन गेला. पीसीबी गेला असेल तर मशीन धुतं तरी कसं, हे मला कळत नाहीये.

घाई एवढ्यासाठी आहे की सासूबाई तीन महिन्यांपासून अंथरुणावर आहेत. रोज दोन चादरी, गाऊन, दुपटी निघतात. बाहेर पावसाची झड लागली आहे. हाताने पिळलेली चादर दोन दिवस वाळत नाही आणि दमट चादर मला त्यांच्या पाठीखाली घालायची नाही. घरी काय तपासता येईल ते कृपया सांगा. स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड आहे. मल्टिमीटर शेजारच्या काकांकडे आहे.

प्रतिसाद

ताई, पीसीबीचे पैसे आज तरी देऊ नका. तुम्ही लिहिलेला तो ‘टक्’ फार महत्त्वाचा आहे.

ज्या टॉप लोड मशीनमध्ये ड्रेन पंप नसतो, त्यांच्यात तळाशी रबरी व्हॉल्व्ह असतो. आमच्याकडे त्याला बेलो म्हणतात. बाजूला छोटी ड्रेन मोटर असते. बोर्डाने वीज दिली की ती मोटर तार ओढते, व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी नुसत्या उताराने खाली जातं. त्याच ओढीने गिअरबॉक्सचा क्लचही धुण्यावरून स्पिनवर येतो. तुम्हाला ‘टक्’ ऐकू येतो आणि त्यानंतर थोडं का होईना पाणी जातं, म्हणजे बोर्डाकडून वीज पोचते आहे आणि मोटरही ओढते आहे. गडबड त्याच्या पुढे, पाण्याच्या वाटेत असणार.

स्पिन का होत नाही, तेही सांगतो. टबाच्या तळापासून एक बारीक नळी वर प्रेशर सेन्सरला जाते. टबात जितकं पाणी, तितकी त्या नळीतली हवा दाबली जाते आणि त्यावरून बोर्डाला पातळी कळते. ठरलेल्या वेळात टब रिकामा दिसला नाही तर बोर्ड स्पिन देत नाही. पाण्याने भरलेला टब गरगर फिरवला तर मोटर आणि गिअरबॉक्स दोन्हींची वाट लागेल. म्हणजे तुमचं मशीन स्वतःला वाचवतंय.

आता एक सांगा. मशीन कुठे ठेवलंय आणि ड्रेन पाइप कुठून कुठे जातो? वाटेत उंबरा आहे का?

धागाकर्ती

हो, आहे! मशीन पॅसेजमध्ये आहे. बाथरूमला ग्रॅनाइटचा उंबरा आहे, आत्ता टेप लावून मोजला, पाच इंच भरला. पाइप त्याच्यावरून आत जातो आणि जाळीपाशी सोडलाय. नाशिकला मशीन धुण्याच्या मोरीलगत होतं, पाइप जमिनीवरून सरळ उताराला जायचा. शिफ्टिंगवाल्यांनी इथे आणून ठेवलं आणि लावून दिलं, मी लक्षच दिलं नाही.

प्रतिसाद

अर्धं उत्तर मिळालं. पंप नसलेल्या मशीनचा पाइप उंबऱ्यावरून उचलून नेला की पाण्याला चढ लागतो. टबातलं पाणी त्या चढापेक्षा वर असेल तोवर वाहतं, पातळी उतरली की धार मरते. पलीकडे पाइप खाली उतरत असला तर कधी कधी सायफन लागून बाकीचंही ओढलं जातं. पण साबणाचा फेस आणि हवा पाइपात शिरली की सायफन तुटतो. सुरुवातीला हळू का होईना पाणी जात होतं ते बहुधा त्यामुळेच. (फ्रंट लोडचं उलट असतं. तिथे पंप पाणी वर फेकतो, म्हणून पाइपाचं तोंड मुद्दाम उंचावर लावतात. ते जमिनीवर टाकलं तर पाणी भरता भरताच निघून जातं. दोन्हींचा सल्ला एकमेकांना लावू नका.)

आज एवढंच करा. पाइप उंबऱ्यावरून काढून पॅसेजमध्येच जमिनीलगत एका पसरट घमेल्यात सोडा, रिकामं करायला बादली जवळ ठेवा आणि मशीन ड्रेनला लावा. घमेलं भरत आलं की पाइपाचं तोंड वर धरायचं, धार थांबते.

प्रतिसाद

मला ड्रेन मोटर अशक्त झाल्यासारखी वाटते. आमची गेल्या वर्षी तशीच झाली होती, अर्धीच ओढायची. नवी आठशे रुपयांना पडली आणि प्रश्न सुटला.

धागाकर्ती

करून पाहिलं. पहिला लोट जोरात आला, दोन घमेली भरली. मग पाइप जमिनीवर असूनही धार करंगळीएवढी झाली. टब पूर्ण रिकामा व्हायला पंचवीस मिनिटं लागली. पण रिकामा झाला, आणि त्यानंतर नुसतं स्पिन लावलं तर मशीन फिरलं! इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून सासूबाईंनी आतून हाक मारून विचारलं, झालं का म्हणून. तरी पंचवीस मिनिटं म्हणजे अजून काहीतरी आहे ना?

प्रतिसाद

आहे. मोटरची शक्यता वर एकांनी सांगितली आहे ती खोटी नाही, पण नवी घेण्याआधी हाताने तपासता येतं. आता नीट वाचा, कारण पुढचं काम वीज आणि वजन दोन्हींशी संबंधित आहे.

बटण बंद करून भागणार नाही, प्लग सॉकेटमधून उपसून बाजूला ठेवा. नळ बंद करा, टब पूर्ण रिकामा हवा. जमीन कोरडी, पायात चपला. दोघांनी मिळून मशीन मागे भिंतीला टेकवा आणि एकाने ते धरूनच ठेवायचं, सोडायचं नाही. खाली किंवा मागे दंडगोल डबीसारखा कपॅसिटर दिसेल, त्याच्या टोकांना हात लावू नका. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज उरलेला असू शकतो.

आता ड्रेन मोटरची तार शोधा. ती जिथे व्हॉल्व्हच्या दांड्याला अडकते तो दांडा पकडीने ओढा. स्प्रिंग आहे, जोर लागेल. पूर्ण ओढला जाऊन सोडल्यावर खटकन परत बसला तर यंत्रणा ठीक. अडखळला किंवा अर्धवट बसला तर आत काहीतरी अडकलंय. बऱ्याच मशीनमध्ये व्हॉल्व्हची टोपी थोडी फिरवली की निघते. काढण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा आणि खाली जुना टॉवेल टाका. टोपी सुटत नसेल तर हिसका देऊ नका, प्लास्टिकचे आटे तुटले तर अख्खा व्हॉल्व्ह बदलावा लागतो.

धागाकर्ती

काल रविवारी केलं. ह्यांनी आणि शेजारच्या काकांनी मशीन टेकवून धरलं, मी खाली बसले. दांडा अर्ध्यावर येऊन थांबत होता. टोपी डावीकडे थोडी फिरवली आणि सुटली.

आत केसांची एक काळी पिन आडवी बसली होती. तिच्या दोन्ही टोकांना धागे गुंडाळत गुंडाळत राखाडी लगदा झाला होता, बोटाने ओढला तर ओल्या वाकळेच्या चिंधीसारखा लांबच लांब आला. त्यात गाऊनचा एक हूक होता आणि साबणाचे पांढरे खडे, तुरटीसारखे कडक. पिन माझीच आहे. सासूबाईंचे केस विंचरताना गाऊनच्या खिशात ठेवते, तिथूनच गेली असणार.

बेलो फाटलेला नाही. कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुतला, ज्या कडेवर तो टेकतो ती कडही पुसून घेतली. परत बसवून दांडा ओढला, पूर्ण आला आणि खटकन बसला. मग टबात थोडं पाणी भरून अर्धा तास ठेवलं, पाइपातून एक थेंब गळला नाही. मल्टिमीटरची गरजच पडली नाही.

आता उंबऱ्याचं काय करू? प्लंबर म्हणतो उंबऱ्याला भोक पाडून देतो, पण वॉटरप्रूफिंगची भीती वाटते. खालच्या मजल्यावर गळती गेली तर नवीनच भानगड.

प्रतिसाद

भोक नको. मशीन उचला, म्हणजे पाण्याला उतार मिळेल. लोखंडी चौकटीचा, रबरी बूट असलेला सहा इंचांचा स्टँड घ्या. विटा अजिबात नको, स्पिनच्या हादऱ्याने मशीन विटेवरून घसरतं. स्टँडवर ठेवल्यावर लेव्हल बघा. समोरासमोरचे दोन कोपरे तळहातांनी आळीपाळीने दाबा, हललं तर त्या पायाचा नट फिरवा. पाइप जास्तीचा लांब असेल तर वेटोळं करून ठेवू नका, वेटोळ्यात पाणी साचतं. आणि त्याचं तोंड जाळीच्या आत पाण्यात बुडवू नका, हवा कोंडते.

प्रतिसाद

धागा वाचतोय म्हणून विचारतो. आमचं मशीन पाणीच फार हळू घेतं. सर्वात वरचा मजला, टाकी डोक्यावरच. मशीनमध्ये दोष आहे का?

प्रतिसाद

काका, आधी इनलेट पाइप खोलून त्याच्या तोंडाची बारीक जाळी धुवा, बोअरच्या पाण्याने ती क्षाराने बंद होते. तरीही हळू असेल तर दाबाचा हिशेब करा. पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. तुमची टाकी नळापेक्षा दोन-तीन मीटरच वर, म्हणजे दाब पाव बारच्या आसपास. बऱ्याच मशीनना याहून जास्त लागतो. मधे छोटा प्रेशर पंप लावावा लागेल.

धागाकर्ती

स्टँड आणला, आज सकाळी बसवला. पहिल्या स्पिनला धाडधाड आवाज आला. मागचा डावा पाय अधांतरी होता, नट दीड फेरा फिरवल्यावर थांबला. पाइप जास्तीचा दोन फूट होता तो कापला, आता उंबऱ्यावरून जेमतेम वाकून सरळ जाळीकडे उतरतो. घड्याळ लावून बसले होते, टब तीन मिनिटांत रिकामा झाला.

ज्या दादांनी ‘टक्’ धरून सगळं उलगडून सांगितलं, त्यांचे मनापासून आभार. त्या मेकॅनिकला फोन करून सांगितलं की पीसीबी नको आहे. गाऊनचे खिसे आता मशीनपाशी उभं राहून उलटे करते, हूक लावून गाऊन जाळीच्या पिशवीत घालते. दुपारी दोन चादरी टाकल्या होत्या. संध्याकाळी फॅनखाली हात लावून पाहिल्या तर फक्त शिवणीपाशी दमट आहेत.