मागींच्या डोक्यावर मुकुट घालायचा का?

कॅम्पकर (धागा सुरू करणारा)

जय ख्रिस्त मंडळी.

आमच्याकडे नाताळच्या नाटकाचे कपडे एका ट्रंकेत असतात. मेंढपाळांची घोंगडी, देवदूतांचे पंख आणि बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या मागींसाठी सोनेरी कागदाचे तीन मुकुट. ३१ डिसेंबरच्या रात्री बेळगावच्या कॅम्पात ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळून झाला की पोरांचा उत्साह ओसरतो. मग जानेवारीत प्रकटीकरणाच्या सणाच्या रविवारी तिघांना मुकुट घालून गोठ्यापुढे उभं करायचं, फोटो काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी गोठा आवरून माळ्यावर. यंदा मी म्हटलं, मुकुट ट्रंकेतच राहू देत. त्यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढा, पहिली बारा वचनं वाचा. तिथे राजा म्हटलंय ते हेरोदाला आणि बाळाला. पूर्वेकडून आले ते ‘मागी लोक’. ते किती होते हे मत्तय सांगत नाही. दानं तीन, सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणून आपण माणसंही तीन धरली. सिरियाकडच्या जुन्या परंपरेत ते बारा आहेत. गास्पार, मेल्खियोर, बाल्थाझार ही नावं तर कित्येक शतकांनंतरची. आणि ते गोठ्यात आलेच नाहीत, ‘घरात’ गेले असं वचन आहे.

मागी म्हणजे पर्शियाकडचे पुरोहित, आकाश वाचणारे लोक. रविवारच्या वर्गात एका पोरीने मला विचारलं, “मागी म्हणजे मागायला आलेले का?” शब्दाचा तसा संबंध नाही, हे तिला सांगितलं. पण घरी येताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. हेरोदाच्या दारात ते खरोखरच मागायला उभे होते. पत्ता मागत होते. परके, परधर्मी, पुस्तक हाती नसलेले. डोक्यावर मुकुट चढवला की हे सगळं झाकलं जातं.

या सणाचं आपल्याकडचं नावही लोकांना गोंधळात टाकतं. ‘प्रकटीकरण’ म्हटलं की बायबलचं शेवटचं पुस्तक आठवतं, सात शिक्के आणि कर्णे. इथे अर्थ साधा आहे: ख्रिस्त परराष्ट्रीयांना दिसला. आपण कोण? परराष्ट्रीयच. नाताळच्या रात्रीचे मेंढपाळ यहुदी होते. आपल्यासारख्यांचा पहिला पाय त्या उंबऱ्यात पडला तो मागींच्या रूपाने. म्हणून माझी सूचना अशी की मुकुट नकोत, आणि त्या रविवारी तिघांनी तीन भाषांत वाचन करावं, मराठी, कन्नड आणि कोंकणी. बोला.

खानापूरकरीण

असं कसं म्हणालायसा वो? मुकुट काय कुणी सहज म्हणून घातलेत?

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा साठावा अध्याय वाचा. राष्ट्रं तुझ्या प्रकाशाकडे येतील, राजे तुझ्या उदयप्रभेकडे येतील, उंटांच्या झुंडी येतील, सोनं आणि ऊद आणतील. बहात्तराव्या स्तोत्रात शबा आणि सबाचे राजे भेटी घेऊन येतात. आपल्या पूर्वजांनी मत्तय वाचताना ही वचनं शेजारी ठेवून वाचली, आणि त्यातून मागींना राजेपण आलं. तेर्तुल्यान या जुन्या ख्रिस्ती लेखकाच्या काळापासून ही ओढ दिसते. ही काय नाटकवाल्यांची हौस नव्हे.

माझं माहेर मूळचं कासावलीकडचं. बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली वेगळा झाला, त्याआधी आम्ही गोव्याच्याच महाधर्मप्रांतात होतो, आणि आमच्या घरातले सण अजून तिकडूनच येतात. ६ जानेवारीला तिथे तीन रायांचें फेस्त असतं. कासावली, आरोशी आणि कुएली अशा तीन गावांचे तीन पोरगे राजे होतात, घोड्यांवर बसून डोंगरावरच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, जातात. लहानपणी मी आजीचा हात धरून ती चढण चढलेय. वर पोचल्यावर पोरगा घोड्यावरून उतरतो आणि बाळापुढे वाकतो. सहा-सात वर्षांची असेन, पण त्या दिवशी मला कळलं ते आजवर कुठल्या प्रवचनानं सांगितलं नाही. डोक्यावर मुकुट असेल तेव्हाच वाकण्याला वजन येतं. बोडक्या डोक्यानं तर आपण रोजच वाकतो.

आणि रेईस मागोस! मांडवीच्या तोंडावरच्या त्या चर्चचं आणि किल्ल्याचं नावच ‘मागी राजे’ असं आहे. दोन्ही शब्द एकत्र. तुम्हाला एक ठेवून एक का टाकायचाय?

निपाणीकर

ताई, तुमच्या आजीच्या आठवणीला मी हात लावत नाही. पण परंपरेनं भर घातली हे मान्य केलं तर ती भर आहे एवढं तरी मुलांना सांगावं. आमच्या घरात बायबल आधी आलं, गोठा फार नंतर. बेळगावात १८२० साली लंडन मिशन या प्रोटेस्टंट संस्थेचं काम सुरू झालं, तेव्हापासूनच्या कुटुंबांत ‘वचनात आहे का?’ हा प्रश्न पहिला. त्यामुळे मुकुटांच्या बाबतीत मी कॅम्पकरांच्या बाजूचा.

पुढचं मात्र मला अजिबात पटत नाही. कॅम्पकर, तुम्ही मागींना इतकं उचलताय की उद्या कुणी म्हणेल, बघा, देवानं पंचांगवाल्यांना बोलावलं. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात शकुन पाहणं स्पष्ट मना आहे. यशया सत्तेचाळीसमध्ये नक्षत्र पाहणाऱ्यांची खिल्ली आहे. प्रेषितांच्या कृत्यांत मागी हाच ग्रीक शब्द शिमोनाच्या जादूसाठी आणि अलीमा या जादूगारासाठी येतो, आणि पौल त्या अलीमाला काय म्हणतो ते वाचा.

शिवाय ताऱ्यानं त्यांना नेलं कुठे? यरुशलेमेला. राजाचा जन्म म्हणजे राजवाड्यात, असा त्यांनी हिशेब केला आणि हेरोदाच्या दारात जाऊन उभे राहिले. त्या विचारपुशीतून बेथलेहेमातल्या दोन वर्षांच्या आतल्या पोरांची कत्तल झाली, हे आपण सणाच्या दिवशी वाचतच नाही. बेथलेहेम हे नाव ताऱ्यानं सांगितलं नाही, मीखा संदेष्ट्याच्या वचनानं सांगितलं. तारा अर्ध्या वाटेचा, वचन पूर्ण वाटेचं. माझ्या मते सणाचा अर्थ तिथे आहे. आणि शेवटी ते ‘दुसऱ्या वाटेने’ परत गेले. आलेल्या वाटेने नाही.

कॅम्पकर

निपाणीकर, वचन पूर्ण वाटेचं, मान्य. पण ते वचन तोंडपाठ असलेले मुख्य याजक आणि शास्त्री कुठे होते? हेरोदानं विचारल्याबरोबर त्यांनी मीखाचं वचन सांगितलं. यरुशलेमेपासून बेथलेहेम फार तर नऊ किलोमीटर. सकाळी निघालं की न्याहारीपर्यंत पोचावं असं अंतर. त्यांच्यातला एकही गेल्याचं मत्तय लिहीत नाही. अर्धी वाट ठाऊक असलेले परके महिनोन्‌महिने चालले, आणि पूर्ण वाट ठाऊक असलेले घरचे जागचे हलले नाहीत. या अध्यायानं मला सगळ्यात जास्त धडकी भरते ती इथे, कारण मी शास्त्र्यांच्या बाजूला बसलेला आहे. मला वचनं पाठ आहेत.

ज्योतिषाचं म्हणाल तर ‘गणना’ या पुस्तकाचा चोविसावा अध्याय काढा. ‘याकोबातून तारा उदय पावेल’ हे कुणाच्या तोंडून आलं? बलामाच्या. तोही फरात नदीकडचा, परका, पैसे घेऊन इस्राएलला शाप द्यायला बोलावलेला. देवानं त्याच्या तोंडी आशीर्वाद घातला. यातून बलामाचा धंदा चांगला ठरत नाही. पण देव कुणाशी कुठल्या भाषेत बोलेल हे आपण ठरवायचं नाही, एवढं तरी ठरतं. मागींना ताऱ्यांची भाषा येत होती, म्हणून तारा. कोळ्यांना पुढे मासळीनं भरलेल्या जाळ्यातून बोलावलं, तसंच.

‘दुसऱ्या वाटेने’चा तुम्ही घेता तो अर्थ जुना आहे, सुंदर आहे. पण वचनात कारण दिलंय: स्वप्नात सूचना झाली की हेरोदाकडे परत जाऊ नका. त्यांनी आपला पेशा सोडला असं मत्तय कुठेही लिहीत नाही. वचनात आहे का, हा प्रश्न तुमचाच.

शहापूरचा शेजारी

मी ख्रिस्ती नाही, मित्रानं धागा पाठवला म्हणून वाचतोय. एक प्रामाणिक शंका. आमच्या घरी मूल जन्मलं की पत्रिका करतात. मागींनी येशूची पत्रिका मांडली होती असं समजायचं का? आणि तो तारा खरा होता का? शाळेत गुरू-शनी युतीचं काहीतरी ऐकलं होतं.

निपाणीकर

चांगलं विचारलंत. गुरू-शनीची ती युती इसवीसनपूर्व ७ मधली, केप्लरनं तिचं गणित केलं होतं. हेरोद इसवीसनपूर्व ४ मध्ये मेला असं बहुतेक अभ्यासक धरतात, तेव्हा काळ साधारण जुळतो. पण मत्तयाचा तारा पुढे चालतो आणि घरावर येऊन थांबतो. ग्रह असे थांबत नाहीत. मी त्या खोलात जात नाही.

पत्रिकेबद्दल म्हणाल तर उलट वाचा. पत्रिकेत तारे मुलाचं भाग्य ठरवतात. इथे मुलाच्या जन्मासाठी तारा हलला. कोण कुणाच्या आज्ञेत आहे, ते बघा. आमच्या समाजातही लग्नाच्या वेळी गुपचूप पत्रिका दाखवणारे आहेत, म्हणून मी मघाशी तावातावानं बोललो.

शहापूरचा शेजारी

हे कुणी असं सांगितलं नव्हतं. आभार.

चिकोडीची शिक्षिका

सगळे मुकुटावर आणि ताऱ्यावर बोलताहेत. मला तीन भाषांच्या वाचनावर बोलायचंय, आणि माझा ठाम विरोध आहे.

कॅम्पकर दादा, सीमाभागात १९५६ पासून भाषा म्हणजे काय आहे हे तुम्हाला सांगायला नको. माझी आई मराठीतून प्रार्थना शिकली. आम्ही राहत होतो त्या एका गावात मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, महिन्यातून एकदाच व्हायची, आणि तीही कुणाच्या सोयीनं पुढेमागे व्हायची. आईला दुसऱ्या भाषेतलं प्रवचन कळायचं नाही, पण ती बसून राहायची, जपमाळ हातात घेऊन. त्या बाईच्या वाट्याच्या एका मराठी मिस्सेतही दोन वाचनं दुसऱ्या भाषेत करायची? ज्यांची भाषा मोठी आहे त्यांनी मनाचा मोठेपणा दाखवावा. आम्ही किती वेळा सरकून बसायचं? सणाचा अर्थ सर्व राष्ट्रं हा आहे, कबूल. पण सर्व राष्ट्रं म्हणजे प्रत्येक राष्ट्राला त्याच्या भाषेत.

कॅम्पकर

ताई, हे मी लिहिताना मनात आलं नव्हतं. खेद वाटतो. तुमच्या आईचं वाचून थांबलो.

तरी एक मांडतो. संत आगुस्तीनचा या सणावरचा एक संदेश आहे. त्याच्या काळी आफ्रिकेत दोनातिस्त नावाचा फुटलेला गट होता, तो हा सण पाळत नसे. आगुस्तीन म्हणतो, ते पाळत नाहीत यात नवल नाही. त्यांना ऐक्य नको आहे, आणि तारा जिथे दिसला त्या पूर्वेकडच्या मंडळीशी त्यांची संगत नाही. हा सण मुळात पूर्वेकडून पश्चिमेकडे आलेला, म्हणजे दुसऱ्यांच्या घरातला. तिकडे त्या दिवशी प्रभूचा बाप्तिस्मा स्मरतात. अर्मेनियन मंडळी तर ६ जानेवारीलाच नाताळही करते. दुसऱ्यांचा सण आपलासा करणं हे या दिवसाच्या हाडात आहे, म्हणून मला तीन भाषा सुचल्या.

पण मराठी मिस्सा कमी करून नाही. जिथे तिन्ही भाषांचे लोक एकाच मिस्सेला येतात, तिथेच.

चिकोडीची शिक्षिका

असं असेल तर विचार करता येईल. पण आधी तेवढं लेखी ठरू दे. तोंडी ठरलेलं आमच्या वाट्याला कधी आलं नाही.

नंदगडहून

मी सहसा लिहीत नाही. वाद चांगला चाललाय, फक्त एक सांगते.

सोनं राजाला, ऊद देवाला आणि गंधरस मरणाऱ्या माणसाला, असं आम्हाला शिकवलं. हा अर्थ दुसऱ्या शतकातल्या इरेनेयस या धर्मगुरूपासूनचा आहे, आणि योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम प्रभूला पुरताना गंधरस आणतोही. पण गंधरस म्हणजे आपला बोळ. माझी आजी सुईणपण करायची. तिला मत्तयाचा अध्याय वाचून दाखवला की ती म्हणायची, “व्हय की, बाळंतिणीच्या घरात बोळ घेऊन येणारच. शहाणी माणसं ती.” तिच्या डब्यात बाळंतबोळ कायम असायचा. तिला त्यात मरण दिसायचं नाही, मरिया दिसायची. घरी कुणी आईबाई नाही, नुकतीच बाळंत झालेली, परगावी. मी मोठी झाले तेव्हा इरेनेयसचा अर्थ तिला सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “दोन्ही खरं असंल. जन्माला लागतं ते मरणालाबी लागतं.”

मुकुट घालायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण पोरांच्या हातात थर्माकोलच्या पेट्या देऊ नका. खरा ऊद द्या, खरा बोळ द्या. वासानं तरी कळेल.

कॅम्पकर

उद्याच गणपत गल्लीत जाऊन काष्ठौषधीच्या दुकानात विचारतो.

निपाणीकर

ऊद आमच्याकडून. उपासनेत आम्ही वापरत नाही, पण हे वचनात आहे.

खानापूरकरीण

मी येणार आहे त्या रविवारी. आणि एका पोराच्या डोक्यावर तरी मुकुट असेल, तो मी घरून आणेन. बाळापुढे आला की काढून खाली ठेवायचा, एवढं त्याला शिकवते.