अँबेसेडर १४८९ सीसी: पुशरॉड कापू, स्टेम घासू की स्टँडखाली शिम घालू?

नमस्कार मंडळी,

वडिलांची १९८४ची मार्क ४ अँबेसेडर, पेट्रोल. इंजिन पूर्ण खोललं. बोअर, क्रँक, बेअरिंगं झाली. घोडं अडलंय हेडवर, म्हणजे सिलिंडरवरच्या व्हॉल्व्ह असलेल्या झाकणावर.

हेडला पूर्वी कधीतरी एकदा फेस मारलेला होता (खालची बाजू घासून सपाट केलेली), आता पुन्हा मारावा लागला. मिळून साधारण ०.८ मिमी गेलंय. व्हॉल्व्ह टेकतात त्या सीटही कापल्या, त्यामुळे व्हॉल्व्ह आत बसलेत. उद्यमनगरातून हात न लावलेलं एक हेड मागून आणलं आणि रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा, तराजूच्या दांडीसारखा हलणारा तुकडा) ज्या स्टँडवर असतो त्याच्या बैठकीपासून स्टेमच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याच्या, टोकापर्यंत दोन्हींवर मोजलं. माझी टोकं ०.९ मिमी वर आहेत.

मग टोकाला काळं मार्कर फासून क्रँक हाताने दोन फेरे फिरवला. शाई पुसली जाते तो पट्टा मध्यावर आणि अरुंद यायला हवा ना? माझा निम्म्या टोकाएवढा रुंद, तोही शाफ्टकडच्या (रॉकर ज्या दांड्यावर झुलतो त्याच्याकडच्या) कडेपासून. टॅपेट लावताना (रॉकर आणि स्टेममधली फट जुळवताना) रॉकरच्या दुसऱ्या टोकाचा स्क्रू इतका वर घ्यावा लागतो की त्याचा गोळा रॉकरच्या बुडाला टेकायला आलाय.

यूट्यूबवर जो तो पुशरॉडची (त्या स्क्रूला खालून ढकलणाऱ्या दांडीची) लांबी बदलायला सांगतो. मिस्त्री म्हणतात, "टोकं घासून टाका की, हाय काय त्यात!" कुणाचं ऐकू?

चेकनट:
दोघांचंही नको. ते व्हिडिओ अमेरिकन व्ही-एटचे असणार. तिथे एकेक रॉकर स्वतंत्र स्टडवर असतो, म्हणून पुशरॉडच्या लांबीवर सगळी भूमिती ठरते. आपला रॉकर शाफ्टवर आहे. शाफ्टची उंची आणि स्टेमचं टोक, पट्टा या दोघांवरच ठरतो. हेड फेस केल्याने पट्टा हलत नाही, कारण स्टँडही हेडवरच बसलेत. त्याने फक्त स्क्रू वर येतो. पट्टा बिघडवलाय सीटांनी.

स्टँडखाली ०.९ मिमीची शिम (पातळ पत्री) घाला. आता गंमत बघा. रॉकरचं गुणोत्तर साधारण १.४, म्हणजे व्हॉल्व्हकडची बाजू स्क्रूकडच्या बाजूच्या १.४ पट लांब. टोकं ०.९ वर आली म्हणून स्क्रू ०.६५ चढला, फेसिंगमुळे ०.८, एकूण दीडच्या आसपास. शाफ्ट ०.९ उचलला की स्क्रू ०.९ अधिक ०.६५, म्हणजे तेवढाच दीडच्या आसपास खाली येतो. पुशरॉडला हात लावायचं कामच नाही.

टोकं घासलीत तर वरचा कडक थर जाईल आणि पुढे खड्डे पडतील. स्प्रिंगही तेवढीच सैल झालीय, तिच्या बुडाखाली वॉशर लागेल. आणि ज्या स्टँडमधून तेल वर येतं त्याच्या शिमला भोक पाडायला विसरू नका, नाहीतर रॉकर कोरडे चालतील.

एक विचारतो: हेड बसवल्यावर रॉकर किती वेळा सोडलात? स्टँडचे बाहेरचे चार नट हेडचेही आहेत. तेवढेच सोडले तर हेड वाकू शकतं. सगळे हेडनट क्रमाने थोडे थोडे ढिले करायचे असतात.

धागाकर्ता:
चेकनटदादा, हिशोब कागदावर मांडून पाहिला, बरोबर जुळतो. शिम लेथवाल्याकडून काढून घेतो.

रॉकर पाच वेळा सोडलाय. पाचही वेळा फक्त तेच चार आणि स्टँडचे छोटे नट. पाणी अजून भरलेलं नाही, इंजिनही चालू केलेलं नाही. गॅस्केट नवीन टाकू, की आधी हेड उतरवून फेस-प्लेटवर (अचूक सपाट पाट्यावर) वाकलंय का ते तपासू?