मदत हवी आहे: अपहरणाच्या खटल्यांचे जिल्ह्यापुरते निकाल कसे मोजायचे?

सातारा जिल्ह्यातल्या अपहरणाच्या खटल्यांत किती जणांना शिक्षा झाली आणि किती वर्षांची, हे मोजतोय. काळ २०१५ ते २०२३, म्हणजे सगळं जुन्या भारतीय दंडविधानाखालचं (भादंवि). नव्या भारतीय न्याय संहितेचं अपहरणाचं कलम १३७ यात नको.

एनसीआरबीचे (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे) अहवाल चाळून झाले. जिल्हानिहाय दाखल गुन्हे मिळतात, शिक्षा नाही. म्हणून ई-कोर्ट्सवर (न्यायालयांच्या सरकारी संकेतस्थळावर) कलमानुसार निकाली खटले शोधून एकेक निकालपत्र वाचतोय. घोळ इथे होतो: भादंवि ३६३ (साधं अपहरण) प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, ३६६ (लग्नाच्या सक्तीसाठी वगैरे स्त्रीचं अपहरण) आणि ३६४-अ (खंडणीसाठी अपहरण) सत्र न्यायालयात. मुलगी अल्पवयीन असली आणि लैंगिक गुन्ह्याचाही आरोप असला की पॉक्सो (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) लागतो, खटला विशेष न्यायालयात. परवा एका निकालात पॉक्सोतून निर्दोष, ३६३ खाली मात्र शिक्षा! हा कुठल्या रकान्यात टाकू? (पळून जाऊन लग्न केलेली जोडपी हा तर वेगळाच ढीग.)

आरोपींची नावं नकोत. विकतची माहिती परवडणार नाही, आणि पायथन जेमतेम येतं.

माहिती अधिकारात जिल्हा न्यायालयाकडून कलमवार शिक्षेचा गोषवारा कुणी मिळवलाय का? अर्जात नेमकं काय लिहिलं होतं?