'टॉक रेडिओ'तल्या बॅरीने मरण स्वतःच ओढवून घेतलं का?

नौपाडाकर:
शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही सहा-सात जणांनी ऑलिव्हर स्टोनचा १९८८चा 'टॉक रेडिओ' पाहिला. डॅलसमधल्या रात्रीच्या शोचा निवेदक बॅरी शँपलेन फोन करणाऱ्यांना वाट्टेल ते बोलतो, मध्येच फोन आपटतो. शेवटी त्याला गोळ्या घालतात. नंतर तलावपाळीवर चहा घेताना मित्र म्हणाला, "पेरलं तेच उगवलं." मला हे मुळीच पटलं नाही. या पात्रामागे खरा माणूस आहे, डेन्व्हरचा ॲलन बर्ग. १८ जून १९८४च्या रात्री 'द ऑर्डर' या गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांच्या टोळीने त्याला घरासमोर ठार केलं. तो ज्यू होता आणि असल्या लोकांना रेडिओवर तोंडावर जाब विचारायचा. मारणाऱ्यांचं पाप त्याच्या माथी का?

ऐरोलीकर:
खुनाचं समर्थन कोण करतंय? पण बर्गची पुण्याई बॅरीला देऊ नका. त्याची घटस्फोटित बायको एलेन दुसऱ्या नावाने शोमध्ये फोन करते. तो कोलमडतोय हे तिला दिसतं, माया आहे म्हणून करते. तो आवाज ओळखतो आणि सगळं शहर ऐकत असताना तिला पायाखाली तुडवतो. तिथे कुठल्या द्वेषाला जाब विचारायचा होता?

घणसोली नाइट शिफ्ट:
मी महापेच्या कॉल सेंटरमध्ये चार वर्षं रात्रपाळी केली आहे. रात्री दोनला फोन करणाऱ्याला बहुतेकदा काही नकोच असतं, पलीकडे कोणीतरी हवं असतं. बॅरीलाही ते कळतं. म्हणून शिव्या खाऊनही ते परत फोन करतात. तो गेल्यावर शेवटी त्याच लोकांचे आवाज येत राहतात, तेव्हा मला गलबलून आलं. आणि स्टेशनच्या मालकांबद्दल कोणीच कसं बोलत नाही? शो देशभर न्यायची घाई त्यांनाच होती.

नौपाडाकर:
एलेनच्या प्रसंगात तो नीच वागतो, मान्य. तरी नीच वागणं वेगळं आणि मारला जाण्याच्या लायकीचं असणं वेगळं. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नाही, लावायच्याच तर आकाशवाणीच्या आहेत तशा लावाव्या लागतात. त्यामुळे राजकारणावर ताडकन बोलणारा निवेदक आपल्या कानांना सवयीचाच नाही. म्हणून "जरा जपून बोलायचं होतं" हे आपल्या तोंडून इतक्या सहज येतं.

ऐरोलीकर:
एफएमचं पटलं. पण एलेनला विचाराल तर ती "जपून बोल" म्हणत नव्हती, "घरी चल" म्हणत होती.